शॅराबँग म्हणजे बाकांची गाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधील एका जुन्या समूहछायाचित्राखाली 'शॅराबँग सहल' असे लिहिलेले आहे. छायाचित्रात छप्पर नसलेली एक लांबलचक मोटार आणि तिच्यात दाटीवाटीने बसलेली, टोप्या घातलेली तीसएक माणसे दिसतात. हा शब्द आला कोठून, या गाड्या एवढ्या लवकर नाहीशा का झाल्या, आणि २०२३ पर्यंत मुंबईत पर्यटकांना फिरवणारी 'नीलांबरी' बस ही त्यांचीच वंशज समजायची का? जुन्या बसगाड्यांच्या लाकडी बॉडी दुरुस्त करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यातील बहुतेक इंग्लंडमध्ये गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. पण तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून ती एकत्रच देतो.

मूळ फ्रेंच नाव 'शार आ बाँ'. 'शार' म्हणजे गाडी आणि 'बाँ' म्हणजे बाके. म्हणजे बाके असलेली गाडी, एवढाच त्याचा अर्थ. 'शार' हा लॅटिन 'कार्रुस'चा वंशज आणि लॅटिनने तो गॉल लोकांच्या भाषेतून उचललेला. इंग्रजीतील 'कार' त्याच घराण्यातील. 'बाँ'चे मूळ जर्मनिक आहे. इंग्रजी 'बेंच', सराफाच्या बाकावरून आलेली 'बँक' आणि पोर्तुगीजांकडून कोकणीत आलेला 'बांक' ही सगळी त्याचीच भावंडे. फ्रेंचमध्ये एक गाडी असली तरी बाके अनेक असल्यामुळे शेवटी अनेकवचनाचा 'स' लिहितात आणि उच्चारत मात्र नाहीत. इंग्रजांनी तो 'स' गाड्यांच्या अनेकवचनाचा समजून एका गाडीसाठी गाळून टाकला, तिन्ही शब्द जोडून एक केला आणि नाकातल्या 'बाँ'चा खणखणीत 'बँग' करून टाकला. गिरणीतल्या कामगारांच्या तोंडी तर तो 'चॅरीबँग' झाला, आणि घाईच्या बोलण्यात नुसता 'शॅरा'.

या नावात छपराचा उल्लेख कोठेही नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी. शॅराबँग म्हणजे उघडी बस, असा समज आज सर्रास आढळतो, संग्रहालयांतील पाट्यांवरसुद्धा. परंतु ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या नजरेत भरले ते आकाश नव्हे, तर एकामागे एक मांडलेली आडवी बाके. त्या काळातील कितीतरी गाड्या उघड्याच असत, त्यामुळे उघडेपणावरून कोणी नाव ठेवण्याचे कारणही नव्हते. तिची सख्खी शेजारीण 'वॅगनेट' हीदेखील उघडीच, पण तिच्यात बाके गाडीच्या लांबीला समांतर, समोरासमोर असत, आपल्याकडील वडापच्या जीपमध्ये मागे गुडघ्याला गुडघा लावून बसतात तशी. शॅराबँगमध्ये मात्र प्रत्येक बाक गाडीच्या पूर्ण रुंदीचे आणि प्रत्येक प्रवाशाचे तोंड पुढे. ज्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश पाहायचा आहे त्याच्यासाठी ही मांडणी उघडच सोयीची होती.

१८३० च्या दशकात फ्रान्समध्ये ही गाडी श्रीमंतांच्या शिकारीसाठी आणि घोड्यांच्या शर्यती पाहण्यासाठी वापरात आली. दोन किंवा चार घोडे, दोन-तीन आडवी बाके, मागे मोतद्दारासाठी थोडी खालची जागा आणि सामानासाठी पट्ट्यांची पेटी. इंग्लंडमध्ये ती राजघराण्यातून शिरली. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया फ्रान्सच्या लुई फिलिप राजाकडे पाहुणी म्हणून गेली, तेव्हा तिला अशा गाडीतून फिरवण्यात आले, आणि पुढच्या वर्षी राजाने तशीच एक गाडी तिला भेट दिली. ती गाडी आजही लंडनच्या राजवाड्याच्या पागेत, रॉयल म्यूजमध्ये, जपून ठेवलेली आहे. मग नेहमीप्रमाणे वरची चीज खाली उतरली. बाकांची संख्या वाढली, लाकूडकाम साधे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रकाठच्या गावांत भाड्याने मिळणारी, शाळांच्या आणि कारखान्यांच्या सहली नेणारी तीच गाडी झाली. मागच्यांना पुढच्यांच्या टोप्यांवरून दिसावे म्हणून प्रत्येक मागचे बाक थोडे उंच ठेवू लागले, ते याच काळात.

मोटार आली तेव्हा घोडे काढून इंजिन जोडले गेले, पण बाकांची मांडणी तीच राहिली. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. बाक जर गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असेल, तर मधून चालायला वाट उरत नाही. आणि वाट नसेल तर एका दारातून आत शिरून मागच्या रांगेपर्यंत जाता येत नाही. म्हणून प्रत्येक रांगेला स्वतंत्र दार द्यावे लागते. इंग्लंडमध्ये रस्त्याची कड डाव्या हाताला, म्हणून डाव्या बाजूला पाच-सहा दारांची रांग, तिच्याखाली लांबलचक पायफळी, आणि उजव्या बाजूला बहुधा सलग पत्रा. यात मालकाचा फायदा उघड होता. सुमारे सात फूट रुंदीत पाच माणसे बसली की प्रत्येकाच्या वाट्याला सोळा-सतरा इंच येतात. मधे फूटभराची वाट ठेवली तर प्रत्येक रांगेत एक माणूस कमी होतो. अठ्ठावीस जणांची गाडी ही त्या काळातील सर्वसाधारण मोठी गाडी; वाट ठेवून तितक्याच लांबीत बावीस-तेवीसच माणसे बसली असती.

मात्र बॉडी बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना डोकेदुखीची. अशा गाडीचा सांगाडा अॅश नावाच्या लवचीक लाकडाचा असतो आणि त्यावर पत्रा ठोकलेला असतो. बंद बसमध्ये खांब, बाजू आणि छप्पर मिळून एक पेटी तयार होते, आणि ती पिळवटणे सहन करते. शॅराबँगला छप्पर नाही, आणि एक बाजू तर दारांसाठी जागोजागी कापलेली. सगळा भार तळाच्या दोन लांब तुळयांवर येतो. गाडी खडबडीत रस्त्यावर पिळवटली की डावी बाजू उजवीपेक्षा अधिक खचते आणि मधली दारे अडकू लागतात. दुरुस्तीला आलेल्या गाडीत मी आधी तिसरे-चौथे दार उघडून पाहतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा रंधा मारल्याच्या खुणा असतील, तर त्या काळच्या सुतारानेही प्रत्येक हंगामात हाच त्रास काढला आहे, हे कळते.

या गाड्यांची खरी भरभराट पहिल्या महायुद्धानंतर झाली. सैन्याला नको झालेल्या हजारो लॉऱ्या १९१९-२० च्या सुमारास स्वस्तात विक्रीला निघाल्या, आणि सैन्यातच गाडी चालवायला शिकलेले तरुण हातात थोडेफार पैसे घेऊन घरी परतले होते. लेलँड कंपनीने तर स्वतःच्याच बनावटीच्या, हवाई दलाकडे गेलेल्या लॉऱ्या परत विकत घेतल्या आणि लंडनजवळच्या हॅम येथील कारखान्यात नव्यासारख्या करून पुन्हा विकल्या. अशा चेसीवर, म्हणजे चाके आणि इंजिन असलेल्या खालच्या चौकटीवर, बाकांची बॉडी चढवली की सहलीचा धंदा सुरू. १९१९ च्या सप्टेंबरअखेरीस रेल्वेचा मोठा संप झाला, तेव्हा एरवी आगगाडीशिवाय गावाबाहेर न पडणाऱ्या लोकांनीही या गाड्यांतून प्रवास केला, आणि रस्त्याने लांब जाता येते हे त्यांच्या ध्यानात आले.

सहलीचा हंगाम ईस्टरपासून सप्टेंबरपर्यंत. हिवाळ्यात बाकांच्या गाडीत कोण बसणार? म्हणून अनेक मालक हंगाम संपला की बॉडीचे बोल्ट सोडून, गॅरेजच्या छताच्या तुळईला चेन-पुली लावून ती अख्खी वर उचलत आणि खाली मालवाहू हौदा बसवून चेसी कोळसा किंवा बटाटे वाहायला पाठवत. जुन्या चेसीच्या कडांवर बोल्टच्या भोकांच्या दोन निरनिराळ्या रांगा दिसतात, त्या यामुळेच. एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. नव्याने काम शिकणारी मुले या जास्तीच्या भोकांना कोणाची तरी चूक समजतात आणि बुजवायला निघतात. त्यांना थांबवावे लागते, कारण त्या चेसीने काय काय केले याचा तोच एक लेखी नसलेला पुरावा आहे.

प्रवासाच्या सुखसोयींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टायर भरीव रबराचे, पाटे लॉरीचे. पावसासाठी मागच्या टोकाला घडी करून ठेवलेला कॅनव्हासचा मोठा टप असे. तो ओढून पुढे काचेच्या चौकटीपर्यंत आणायला चालकाला चार-पाच प्रवाशांची मदत लागे, आणि बहुधा तो बसेपर्यंत सर व्हायची ती होऊन जाई. तरीही लोक आनंदाने जात. ब्लॅकपूल, टॉर्की, बोर्नमथ अशा गावांत समुद्रकाठच्या रस्त्यावर गाड्या ओळीने उभ्या असत आणि खडूने लिहिलेल्या फळ्यांवर ठिकाण व भाडे दिलेले असे. ठिकाण न सांगता नेणारी 'गूढ सहल' ही तेव्हाचीच कल्पना. संध्याकाळी गाडी भरली नाही की मालकाला तिचा मोठा आधार वाटे, कारण कोठेही नेले तरी तक्रार होत नसे. कारखान्यांच्या आणि दारूच्या गुत्त्यांच्या सहलींत बिअरची खोकी गाडीतच असत, आणि रस्त्याकडेच्या गावांतून बाटल्या फेकण्याविषयी, रात्री उशिरा गाण्याविषयी पुष्कळ तक्रारी होत.

निघण्यापूर्वी छायाचित्र काढणे हा त्या सहलीचा ठरलेला विधी होता. स्थानिक छायाचित्रकार सकाळी फोटो काढी आणि गाडी परत येईपर्यंत प्रती तयार ठेवून विकत असे. चढत्या बाकांमुळे सगळ्यांचे चेहरे आपोआप दिसत, शाळेच्या वर्गाच्या फोटोसाठी मुद्दाम करावी लागते ती मांडणी येथे आयतीच मिळे. इंग्लंडमध्ये घरोघरी अशी छायाचित्रे सापडतात, त्याचे कारण हेच. तुमच्या छायाचित्राचा काळ ठरवायचा असेल तर माणसांच्या टोप्यांपेक्षा चाकांकडे पाहा. टायर भरीव असतील तर ते बहुधा १९२५ च्या आधीचे. मागच्या चाकाजवळ पत्र्यावर रंगवलेला १२ हा आकडा शोधा. जड मोटारींना ताशी १२ मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर, एवढीच वेगाची परवानगी होती आणि ती मर्यादा गाडीवर लिहावी लागे. गाडी चालत असल्याचे छायाचित्रातून भासवले असले तरी फसू नये, एवढी माणसे एकाच वेळी कॅमेऱ्याकडे पाहत असतील तर ती उभीच असते.

वेगमर्यादेवरून आठवले. १९०३ मध्ये डेव्हनमधील इल्फ्राकोम येथे रेल्वेला जोड म्हणून मोटारगाड्या सुरू झाल्या, तेव्हा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने नेल्याबद्दल पोलिसांनी खटले भरले आणि ती सेवा बंद पडली. त्या गाड्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने विकत घेतल्या आणि १७ ऑगस्ट १९०३ पासून कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टन ते लिझर्ड अशा चालवल्या. पोलिसांच्या त्या काटेकोरपणाला आज हसू येते, पण वेगाची भीती निराधार नव्हती, हे उतारांनी पुढे दाखवून दिले.

या गाड्या नाहीशा का झाल्या, या तुमच्या प्रश्नाला पावसाचे कारण देऊन भागत नाही. इंग्रजांना पाऊस नवा नव्हता. खरी अडचण अशी की चेसी लॉरीची, म्हणजे जमिनीपासून उंच. तिच्यावर बॉडीचा तळ, त्यावर बाके, तीही मागे चढत गेलेली, आणि त्यांवर अठ्ठावीस माणसे. सगळा भार वर, त्यामुळे गुरुत्वमध्य उंच. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला. लॉरी घसरणीवर हळू उतरते आणि तिच्यातील माल वळणावर एका बाजूला झुकून दृश्य पाहत नाही, माणसे पाहतात. सहलीला जायची ठिकाणे तर नेमकी तीव्र उतारांच्या पायथ्याशी. डेव्हनमधील लिनमथला जाताना काउंटिसबरीचा उतार किंवा सॉमरसेटमधील पॉरलॉकचा घाट, दोन्हीकडे चार फुटांना एक फूट अशी उतरण आहे. घोड्यांच्या काळात अशा ठिकाणी चाकाखाली लोखंडी घसरपट्टी अडकवत आणि प्रवाशांना उतरून चालायला लावत. मोटार आल्यावर चढावर उतरायला सांगितले जाई, पण उतारावर मात्र लोक बसून राहत, आणि धोका तर उतारावर होता.

१९११ मध्ये डरहम परगण्यातील कॉन्सेटचा एक गायकवृंद घेऊन निघालेली शॅराबँग मेडम्स्लीच्या उतारावर ताब्याबाहेर गेली आणि अनेक जण मृत्यू पावले. १९२५ मध्ये यॉर्कशायरमधील डिबल्स ब्रिज येथे ब्रेक न लागल्याने अशीच एक गाडी कोसळली आणि सात माणसे गेली. गाडी उलटली की डोक्यावर आधार देणारे काहीच नसे, ना खांब, ना छप्पर; प्रवासी बाहेर फेकले जात किंवा गाडीखाली येत. त्याच डिबल्स ब्रिजवर पन्नास वर्षांनी, १९७५ मध्ये, ब्रेक निकामी असलेली एक बंद बस कोसळून ३३ जण ठार झाले. तेव्हा सगळा दोष शॅराबँगच्या माथी मारणेही बरोबर नाही. उतार, जड गाडी आणि कच्चे ब्रेक हे तिघे एकत्र आले की छपराने किती वाचवले असते याला मर्यादाच आहे.

शेवट तीन-चार गोष्टींनी मिळून केला. १९२० च्या दशकाच्या मध्यावर जड गाड्यांना पेलतील असे हवेचे टायर आले. १९२४-२५ पासून मॉडस्ली आणि लेलँड यांनी खास प्रवाशांसाठी बुटक्या चेसी काढल्या, त्यामुळे एका पायरीत आत चढता येऊ लागले. चारही चाकांना ब्रेक मिळू लागले. मधल्या काळात 'सर्व ऋतूंची' म्हणून एक गाडी निघाली, तिच्या बाजूंना काचा आणि वर गुंडाळता येणारे कापडी छप्पर असे. प्रवाशांना ती आवडली आणि मग उघड्या गाडीकडे कोणी वळेना. वेगमर्यादा हवेच्या टायरांसाठी १९२८ मध्ये ताशी २० मैल आणि १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने ३० मैल झाली. त्याच कायद्याने गाडी, चालक आणि मार्ग यांना परवाने लागू केले आणि लॉरीवर बाके ठोकून धंदा करण्याचे दिवस संपले. वेग वाढल्यावर लांबच्या सेवा सुरू झाल्या, वाटेत लोक चढू-उतरू लागले, आणि त्यासाठी एक दार व मधली वाट अपरिहार्य ठरली. माझ्या मते शॅराबँग मेली ती या वाटेने. छप्पर आल्यावरही काही काळ तिला शॅराबँगच म्हणत. पण बाक मधोमध कापून वाट काढली, तेव्हा नावात जे होते तेच गाडीतून गेले. बोलण्यातला शब्द मात्र सवयीने पुढे बराच काळ टिकला, म्हणून १९३० नंतरच्या, काचा लावलेल्या बंद बसच्या छायाचित्राखालीही तो लिहिलेला आढळतो.

आता 'नीलांबरी'. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेली ती उघड्या मजल्याची डिझेल बस शॅराबँगची वंशज नाही. तिचे घराणे ऑम्निबसचे. १८२० च्या दशकात फ्रान्समधील नांतमध्ये आणि ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये शिलिबीर यांनी सुरू केलेली ती घोड्यांची सार्वजनिक बंद गाडी, पुढे गर्दी वाढल्यावर जिच्या टपावर लोक बसू लागले आणि त्या टपाचाच वरचा मजला झाला. लंडनमध्ये त्या मजल्यावर छप्पर टाकायला १९२५ मध्ये परवानगी मिळाली. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली आणि दुमजली गाड्या १९३७ मध्ये आल्या. म्हणजे आपल्याकडे हा प्रकार पोचला तोवर शॅराबँगचा काळ सरत आला होता. पर्यटनासाठी दुमजली बसचे छप्पर काढणे ही नंतरची युक्ती. 'नीलांबरी'त जिना होता, मधली वाट होती आणि दार एकच. हवा तेवढी शॅराबँगची.

खऱ्या वंशजा पाहायच्या असतील तर दोन ठिकाणे सांगतो. आइल ऑफ मॅन बेटावर डग्लस येथे १८७६ पासून समुद्रकाठाने घोड्यांची ट्राम चालते. तिच्या उघड्या डब्यांत पूर्ण रुंदीची आडवी बाके आहेत, वाट नाही आणि कंडक्टर बाहेरच्या पायफळीवरून चालत तिकिटे देतो. दुसरे ठिकाण अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान. तेथे व्हाइट कंपनीने १९३६ ते १९३९ या काळात बांधलेल्या लाल बसगाड्या आजही पर्यटकांना फिरवतात. सतरा प्रवासी, पूर्ण रुंदीची बाके, प्रत्येक रांगेला बाजूने स्वतंत्र दार, वर गुंडाळता येणारा कॅनव्हास. तेथील डोंगरी रस्त्यावर चालक गिअर करकरत टाकत, म्हणून त्यांना 'जॅमर' म्हणू लागले. १९९९ मध्ये जुन्या चेसी थकल्याचे आढळल्यावर गाड्या बंद ठेवल्या गेल्या आणि फोर्ड कंपनीने २००२ पर्यंत त्यांतील ३३ गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या. पद्धत जुनीच, बॉडी उचलून नव्या चेसीवर ठेवण्याची. नव्या चेसीला ऑटोमॅटिक गिअर आहे, पण चालकांना लोक अजून जॅमरच म्हणतात.